निकिताचा दाखला

आर्णी, १४ जुलै २०२५

चि. शाल्मलीस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. आईची कंबर अधूनमधून कुरकुरते. सोयाबीन यंदा बरं उगवलंय. दवाखान्यात तापाच्या पेशंटची रांग आहे.

तुझं पत्र मिळालं. टोकियोच्या आपल्या वकिलातीचा शिक्का, वर ‘महोदय’, खाली तुझी सही. बाबासाठी एक ओळही जास्तीची नाही. आधी राग आला. मग वाटलं, बरोबरच केलंस.

तिकडे वृद्धसेवेच्या कामासाठी गेलेल्या बोरी अरबच्या निकिताने माझ्या दवाखान्यात दोन वर्षं वृद्धांची शुश्रूषा केली, हे खरं का, असं जपानचं इमिग्रेशन खातं विचारतंय. माझं उत्तर जाईपर्यंत तिच्यामागून निघालेल्या यवतमाळच्या आणखी पाच मुलींचे व्हिसा अडलेत म्हणे.

मी तीनदा उत्तर लिहिलं आणि फाडलं. एकदा तर ‘जुन्या नोंदी सापडत नाहीत’ असंही लिहून पाहिलं. इतका भित्रा आहे मी, मलाच माहीत नव्हतं.

मी तिला दिलेला दाखला खोटा आहे. चार खाटांच्या दवाखान्यात कसला आलाय वृद्धसेवा विभाग! निकिताने दोन वर्षं केलं ते तुझ्या आजीचं, आपल्या घरी. उचलणं, पुसणं, भरवणं, सगळं. तू दिल्लीत अभ्यासाला होतीस, मी पेशंटमध्ये. पुढे तिची आई विमलताई आली. “डाक्टरसाहेब, पोरीले एक दाखला देऊन द्या. घरचं काम ते लोकं धरत नाही म्हन्ते.” चहा निवायच्या आत मी सही ठोकली. आपल्याकडे दाखल्याला कोणी नाही म्हणतं का?

अजून एक राहिलंय, आणि तेच लिहवत नव्हतं. गेल्या सोमवारी निकिताचा फोन आला होता. “काका, इथले साहेब मले विचारून राह्यले, कुठी काम केलं म्हून. खरं सांगून देऊ का?” मी म्हणालो, दवाखान्यातच सांग. तिने तसं सांगितलं. शाल्मली, ती खरं बोलायला तयार होती गं. मला माझ्या पाटीची काळजी पडली.

सोबत खरं उत्तर सहीनिशी जोडलंय. तिला खोटं बोलायला मी लावलं, हेही त्यात आहे. फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे दे आणि मला वाचवू नकोस. तिच्यासाठी नियमात एखादी वाट असेल, तर तेवढी त्या अधिकाऱ्याला जपानच्या खात्याकडे विचारायला सांग.

उद्या सकाळी बोरी अरबला जातोय. विमलताईंना हे माझ्याच तोंडून कळायला हवं. आई सोबत येते म्हणाली, मी नको म्हटलं.

जिच्या हातून स्वतःच्या आईची सेवा करून घेतली, तिलाच गोत्यात आणणारा,
तुझा बाबा