‘अ’मधलं हरवलेलं कार्ड

मंगळवार, १० मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

मामांकडे नीट पोचलीस हे कळलं. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा सुधारतोय. तेल माझ्याकडून चोळून घेते आणि गुणगान तुझं करते.

शब्दकोशाच्या कचेरीत तुझ्यावाचून करमत नाही, असं लिहिणार होते. खोटं आहे. तू गेल्यावर पहिले दोन दिवस मी अगदी मजेत होते.

तुझं त्या जुन्या ग्रीक शब्दाचं कार्ड आठवतं? ‘अक्रसिया’. पंडितांनी ‘आत्मसंयमाचा अभाव’ लिहून हात झटकले होते. तू त्यावर काट मारून लिहिलंस, ‘कळतं पण वळत नाही’. संपादकसाहेब खुर्चीतून उठले. “याला म्हणतात कोशकार!” बावीस वर्षं मी तिथे मुद्रितं तपासतेय, माझ्यासाठी त्यांनी कधी हातातली पेन्सिलसुद्धा खाली ठेवली नाही. पोटात असं दुखलं म्हणून सांगू!

एका शब्दाचं एकच कार्ड, नक्कल नाही, हरवलं तर लिहिणाऱ्याने घरी बसायचं, ही आपल्याकडची रीत तुलाही ठाऊक, मलाही. ते कार्ड मी उचललं, चिमणे. मन ओरडत होतं, ‘ठेव बाई, ठेव.’ ऐकू येत असतानाच मी पर्स बंद केली. साहेबांनी तुला घरी पाठवलं तेव्हा शेजारीच मान खाली घालून उभी होते.

शुक्रवारपर्यंत कार्ड सापडलं तर तुला परत बोलावू, असं साहेब म्हणालेत. उद्या सकाळी त्यांच्या टेबलावर ठेवते.

शनिवार, १४ मार्च

ठेवलं नाही. बुधवारी म्हटलं गुरुवारी, गुरुवारी म्हटलं शुक्रवारी. काल पाच वाजता साहेबांनी विचारलं, “मिळालं का हो?”

“नाही,” म्हटलं.

तुझी जागा त्यांनी मला दिली. घरी सांगितलं तर आई म्हणाली, “शहाणी गं माझी!” जन्मात पहिल्यांदा. आणि काय सांगू, मला ते गोड लागलं.

कार्ड सोबत आहे. एक कोपरा दुमडलाय, तेवढा माफ कर. साहेबांना ते दाखव आणि हे पत्रही दाखव. मी आपणहून सांगेन, अशी वाट बघत बसू नकोस. मी रोज ठरवेन आणि रोज संध्याकाळी पर्स घेऊन घरी येईन.

तुझ्याच खुर्चीत बसून लिहिणारी,
ताई