समासातला प्रश्न

प्रिय चिंगे,

बाबाचं पत्र, तेही शाईच्या पेनाने, म्हणजे म्हाताऱ्याला पुन्हा कथेची उबळ आली असं समजू नकोस. इथल्या वृद्धनिवासाच्या बागेत बाकावर बसून लिहितोय. शेजारच्या खोलीतले निवृत्त मास्तर सारखे डोकावताहेत. त्यांना वाटतंय, प्रेमपत्र आहे. वाटू दे.

सात वर्षांची असल्यापासून तू माझ्या विज्ञानकथांची पहिली वाचक. कानावर लाल पेन्सिल अडकवून बसायचीस. माझी यंत्रं ढग वळवायची, परग्रहांवर उतरायची, आणि तू समासात एकच प्रश्न लिहायचीस, हे बंद कसं करायचं? मी वैतागायचो. तुझी आई म्हणायची, लिहा की मुकाट्याने एक बटण. मी लिहायचो, आणि दरवेळी कथा सुधारायची. हे तुला कधी कबूल केलं नाही, आज करतो. पुढे तू तोच प्रश्न घेऊन यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांच्या दारात उभी राहिलीस आणि माझे समास कोरे पडले.

इथे तसं बरं चाललंय. नाश्ता वेळेवर मिळतो. महिन्यापूर्वी प्रत्येक खोलीत ते काळजी घेणारं यंत्र बसवलं, तू ज्याच्याविरुद्ध लढते आहेस तेच. खोकलो की तब्येत विचारतं. परवा तुझ्या आईच्या फोटोशी नेहमीसारखा बोलत होतो, तर यंत्राने ते ऐकून कळवलं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई येऊन विचारू लागल्या, हल्ली भास होतात का. मला फार लाज वाटली गं. आमचं दोघांचं बोलणं होतं ते. मी परिचारिकेला विचारलं, हे बंद कसं करायचं. ती बिचारी ओशाळून म्हणाली, आजोबा, ते बंद होत नाही.

पण घास गोड लागत नाही, त्याचं कारण वेगळंच आहे. बुधवारी या यंत्राच्या चौकशी समितीसमोर तुझी साक्ष झाली की कंपनी एक कथा वाचून दाखवणार आहे, तसं त्यांनी मला कळवलंय. एकट्या म्हाताऱ्याला हे यंत्र लेकीसारखं सांभाळतं, अशी. लेखकाचं टोपणनाव आहे. तो लेखक मी. दोन वर्षांपूर्वी कंपनीने कथा मागितली, आणि बऱ्याच दिवसांनी कुणाला तरी आपली आठवण झाली म्हणून मी हुरळून गेलो. कशासाठी हवी, तेही विचारलं नाही. त्या कथेत बटण नाही, चिंगे. मला सुचलंच नाही. बापाच्याच कथेने तू चारचौघांत तोंडघशी पडशील, हे मला सहन होणार नाही. खोलीतून फोनवर हे बोललो तर यंत्र ऐकेल, म्हणून पत्र. सोबत कथेची प्रत ठेवलीय. समासात तुझा प्रश्न लिही आणि बुधवारी सगळ्यांदेखत मला विचार. मास्तरांचा हात धरून मी येतोय. माझ्या खऱ्या नावानिशी उभा राहून उत्तर देईन.

अजूनही तुझाच,
बाबा