सात नंबरच्या वाफ्याची मालकीण

१ मार्च, रविवार
वाफा मिळाला. सात नंबर. सार्वजनिक बागेत वाफे बारा आणि मागायला अख्खी वस्ती. बाग नर्सबाई चालवतात, रिटायर झाल्यापासून. त्यांच्या चादरींना मी इस्त्री करते, त्यामुळे माझी लायकी त्यांना ठाऊक आहे.

अट आहे. ३१ मेपर्यंत वाफ्यात काहीतरी उगवून उभं दिसलं पाहिजे. दिसलं तर वाफा कायमचा माझा. नाही दिसलं तर लिस्टमधल्या पुढच्याचा, म्हणजे बसड्रायव्हरचा. ड्रायव्हरने आशा सोडावी.

शिवाय दर रविवारी दोन तास बागेचं फुकट काम. त्याला व्हॉलंटियर म्हणतात. घरात तीस वर्षं तेच करते आहे, कोणी इंग्रजी नाव दिलं नाही.

२ मार्च
दिवसभर इस्त्री. दुकानाला खिडकी नाही. बावीस वर्षं एकाच भिंतीकडे तोंड करून उभी आहे, तिचा प्रत्येक पोपडा ओळखीचा. आता वाफा आहे. संध्याकाळी तिथे स्टूल टाकून बसायचं आणि हिरवं काहीतरी बघायचं. एवढंच पाहिजे मला. जास्त नाही.

आठ नंबर धाकट्या जाऊचा आहे. मधे फक्त विटांची एक ओळ. ती दोन वर्षं बाग करते आणि सगळं हळू करते. बोलते हळू, चालते हळू. एक वाक्य सुरू केलं की संपेपर्यंत माझे दोन शर्ट होतात.

३ मार्च
संकल्प. १) रोज बागेत जायचं. २) कोणाचा सल्ला घ्यायचा नाही. ३) जाऊच्या आधी पीक काढायचं.

८ मार्च, रविवार
बियांची चार पाकिटं आणली. लेकीने पाकीट वाचून दाखवलं. बिया रात्रभर भिजवा, ओल्या फडक्यात बांधा, उबेला ठेवा, आठवड्याने मोड येतील. आठवडा! लोकांना काय उद्योग नाही.

ऊबच पाहिजे ना? उबेचा माझा धंदा आहे. चारही पाकिटं एकत्र केली, ओलं फडकं घातलं आणि वरून इस्त्री फिरवली. बटण सुतीवर नाही, नायलॉनवर. मी काही अडाणी नाही. मस्त वाफ निघाली. वासही छान सुटला, थोडा भाजल्यासारखा. आमचे हे आतून विचारत आले, खायला काय केलंय म्हणून.

सात दिवसांचं काम चार मिनिटांत. नर्सबाईंना सांगणार नाही. उद्या सगळेच करतील.

९ मार्च
पेरलं. सगळं एकाच खड्ड्यात. बियांनाही सोबत लागते.

जाऊ बोटाने एकेक भोक पाडून एकेक बी टाकत होती. तिला म्हटलं, अशाने तुला म्हातारपण येईल. ती म्हणाली, कलिंगड आहे ताई, त्याला जागा लागते. म्हटलं, लागू दे.

११ मार्च
उकरून बघितलं. अजून नाही.

१२ मार्च
उकरून बघितलं. बिया जागच्या जागी आहेत. चोरी झालेली नाही.

१५ मार्च, रविवार
व्हॉलंटियर काम. मला वाटेच्या कडेचं गवत काढायला सांगितलं. दोन तासांचं काम मी दहा मिनिटांत उडवलं. सोपंच होतं, सगळं गवत एका सरळ रांगेत उगवलं होतं. इतकं शिस्तीचं गवत पहिल्यांदाच बघितलं.

नर्सबाई आल्या आणि उपटलेली रांग वाकून बघितली. मग म्हणाल्या की ही झेंडूची रोपं होती. मी म्हटलं, मग फुलं कुठे होती? फूल नाही तोवर सगळं गवतच.

पुढच्या रविवारपासून मला ढकलगाडी. गवताच्या कामातून मुक्त केलंय. बढती.

२२ मार्च, रविवार
जाऊच्या वाफ्यात दोन पानं आली. माझ्यात नाही. कारण उघड आहे. माझ्या बिया खाली मुळं मजबूत करत असणार. आधी पाया, मग इमारत. तिची आधी इमारत.

उकरून बघितलं. पाया अजून सुरू झालेला नाही.

५ एप्रिल, रविवार
ढकलगाडी जोरात ढकलली, कारण हळू ढकलली तर वजन जाणवतं. वळणावर उलटली. ड्रायव्हरच्या पायावर माती पडली. तो इथे अजून मेंबरसुद्धा नाही, नुसता वाफे बघत फिरतो, स्थळ बघायला आल्यासारखा. माझ्या वाफ्यापाशी थांबला. लांबी पावलांनी मोजली. मी विचारलं, काय मोजताय? म्हणाला, सहज.

सहज कोणी मोजत नाही. मी मापाच्या घड्या घालते, मला कळतं.

१२ एप्रिल, रविवार
माती वाईट आहे. तक्रार केली. नर्सबाई म्हणाल्या की माती सगळ्या वाफ्यांना एकाच ट्रकमधून आली. मग माझ्या वाट्याला ट्रकच्या तळाची आली असेल.

आमचे हे म्हणाले की दुसऱ्या बिया लाव, अजून वेळ आहे. लावणार नाही. पहिल्या बियांचा अपमान होतो. शिवाय पाकिटं आणायला पुन्हा दुकानात कोण जाणार.

२० एप्रिल
गिऱ्हाइकं विचारतात, बाग कशी आहे. मी म्हणते, एकदम फर्स्टक्लास. खोटं नाही. बाग फर्स्टक्लासच आहे. बारापैकी अकरा वाफे.

२६ एप्रिल, रविवार. सकाळी ७.०५
उगवलं. उगवलं. उगवलं.

वेल आहे. चांगला हातभर. गेल्या रविवारी काहीच नव्हतं आणि आज हातभर. हा इस्त्रीचा गुण, दुसरं काही नाही. विटांना अगदी चिकटून उगवलाय, विटांवरूनच म्हणा ना. जरा लाजाळू दिसतो. मीच टोक धरून वाफ्याच्या मधे ओढून घेतला.

जाऊ जवळ आली. म्हणाली, "ताई, तो वेल..." मी म्हटलं, शिकायचं असेल तर सगळं सांगेन, पण आज नाही, आज मला गाडी ढकलायची आहे. परत आपल्या वाफ्याकडे गेली बिचारी. जळणं चेहऱ्यावर दिसत नाही तिच्या, तेवढा एक गुण आहे.

आज गाडी दोनदा उलटली. आनंदाने.

२७ एप्रिल
पान तोडून दुकानात नेलं आणि सगळ्यांना दाखवलं. एका आजींनी ओळखलं, कलिंगडाचं आहे. मी कलिंगड पेरलं होतं का? चार पाकिटांत नव्हतं. पण बी ही अशी वस्तू आहे की आत काय असेल सांगता येत नाही. जोरात ऊब मिळाली तर ती काहीही होऊ शकते.

३ मे, रविवार
पिवळं फूल. जाऊ पुन्हा म्हणाली, "ताई, एक सांगू का, तो वेल मुळात..." म्हटलं मुळात काय, फुलात बघ. मला फार हसू आलं. तीही हसली. मग माझ्या वेलाला पाणी घालून गेली. न सांगता. थोरल्या जावेचा मान ठेवते.

मी स्वतः पाणी घालत नाही. गरजच पडत नाही. कधी बघावं तर माती ओली.

१० मे, रविवार
फळ धरलं. लिंबाएवढं.

सकाळी लिंबाएवढं, संध्याकाळी बघितलं तर तेवढंच. त्याला म्हटलं, असं चालणार नाही.

१७ मे
नारळाएवढं. फळाखाली कोणीतरी सुकं गवत पसरून ठेवलंय, ओलीने सडू नये म्हणून. नर्सबाईंचं काम असणार. चांगल्या मालाची कदर आहे बाईंना. एव्हाना झेंडूही विसरल्या असतील.

२४ मे, रविवार
रोज टिचक्या मारते. पंधरा सकाळी, पंधरा संध्याकाळी. आवाज पक्का होतोय. ड्रायव्हर आला होता. त्याचा चेहरा उतरला. मी फळावरून हात फिरवत म्हटलं, गाडीच चालवा तुम्ही, शेती तुमच्या गिअरमध्ये बसायची नाही. सगळे हसले.  तो नुसता वेलाकडे बघत राहिला.

जाऊ नंतर घरी आली. एवढंच म्हणाली की रविवारी तपासणी होईपर्यंत फळाला हात लावू नका, उभं राहू द्या. मी म्हटलं, हो. तिला वाटतं मला कळत नाही.

२९ मे
दुकानाच्या दारावर लेकीकडून कागद लावून घेतला. रविवारी बागेत कलिंगड, सर्वांना आमंत्रण. लेक विचारत होती, पिकलंय का नक्की? मी म्हटलं, मी टिचकी मारली की कॉलरमध्ये किती खळ आहे ते सांगते.

३० मे
सुरीला धार लावून आणली. हे म्हणाले, तपासणी आहे की ऑपरेशन? झोपले ते पाठ करून. मला झोप नाही. उद्यापासून कायमची मालकीण. स्टूल पुसून ठेवलं.

३१ मे, रविवार. सकाळी ८.३०
जाते आहे. सुरी, ताट, स्टूल घेतलं. वेळ नाही लिहायला.

३१ मे. दुपारी
सगळं नीट लिहून ठेवते. माझी काहीच चूक नाही हे नंतर विसरायला नको.

नर्सबाई वही घेऊन आल्या. सहा नंबरला बरोबरची खूण. मग माझा. त्यांनी वेल बघितला. जाऊकडे बघितलं. जाऊने मान खाली घातली. बाईंनी परत वेल बघितला आणि वहीत बरोबरची खूण केली. केली. मी डोळ्यांनी बघितली. वाफा माझा झाला होता.

त्या आठ नंबरकडे वळल्या. आणि माझी सोळा गिऱ्हाइकं येऊन उभी होती. ताट हातात. मी काय करणार? लोकांना उभं ठेवून फळ बघत बसायचं? मी म्हटलं, थांबा, तोंड गोड करून जा. जाऊ पुढे आली. "ताई, नको" एवढं म्हणाली. एवढं छोटं वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदा बोलली, पण सुरी निघाली होती.

आत पांढरं. दुधासारखं पांढरं. बियासुद्धा पांढऱ्या.

 एका आजींनी फोड हातात घेतली, तोंडाला लावली आणि सभ्यपणे परत ठेवली.

मग तो ड्रायव्हर. म्हणाला की एवढं कच्चं कसं, पेरलं कधी, मूळ बघू. मी म्हटलं, बघा ना, खुशाल बघा. आत्मविश्वास होता मला. त्याने वेल उचलला आणि एकेक पान बाजूला करत मागे मागे गेला. विटांपर्यंत. विटांवरून. विटांच्या पलीकडे. जाऊच्या वाफ्यात थेट मधोमध, बोटाने पाडलेल्या भोकापाशी थांबला.

बागेच्या फाटकावर पाटी आहे म्हणे. मूळ ज्याच्या वाफ्यात, पीक त्याचं. मी वाचली नव्हती. लांब आहे ती पाटी.

माझ्या बाजूच्या सोळा तोंडांपैकी एकाने हळूच म्हटलं, आयत्या बिळावर नागोबा. कोण ते मी ओळखलंय. त्याच्या पँटला उद्या दोन घड्या पडतील.

नर्सबाईंनी जाऊला विचारलं की तू आधी का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, "तीनदा सुरू केलं. ताईंना वाक्य संपेपर्यंत थांबायला सवड नसते. मग त्यांचा चेहरा बघितला. म्हटलं, राहू दे, दिसतंय ना उभं, वाफा त्यांना मिळेल."

बाई म्हणाल्या, "मीही तेच ठरवलं होतं. पण आता सगळ्यांनी बघितलं." वहीतली खूण खोडली. खोडताना वाईट वाटलं त्यांना. रबर नव्हता, पेनानेच खोडावी लागली.

मी जाऊकडे बघितलं. म्हटलं रागवेल. अडीच महिने पाणी घातलं तिने, खाली गवत घातलं, आणि मी एका झटक्यात दोन तुकडे. ती फोडीवरून बोट फिरवत म्हणाली, "अजून पंधरा दिवस पाहिजे होते, ताई." ओरडली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१ जून
सात नंबर ड्रायव्हरला दिला. बरं झालं. उन्हाची जागा आहे, तिथे स्टूल टाकून कोण बसणार.

दुकानात कोणी काही विचारलं नाही. सगळे फार प्रेमाने वागले. असह्य.

भिंतीला नवीन पोपडा आलाय.

२ जून
माझ्याशिवाय चालत नाही हे सिद्ध झालं. नर्सबाई घरी आल्या. बागेच्या मागे खताची मोठी लाकडी पेटी आहे, पालापाचोळा टाकायची, ती पूर्ण माझ्याकडे दिली. एकटीकडे. बाराच्या बारा वाफ्यांचं खत माझ्या हातात. ड्रायव्हरसुद्धा माझ्याकडे मागायला येणार.

अट आहे. पेटी आज भरली की झाकण लावायचं आणि महिनाभर उघडायचं नाही. नुसतं राहू द्यायचं, त्याचं ते होतं. मी म्हटलं, त्यात काय अवघड. पेटीला हात न लावण्याचं काम तर झोपेतही जमतं.

भरली. पाला, साली, पांढऱ्या फोडी. झाकण लावलं.

३ जून. संध्याकाळी ६.४०
उघडलं. फक्त वास बघायला.

काही झालेलं नाही. फोडी तशाच पांढऱ्या.

मागे जाऊ उभी. हातात झारी. केव्हापासून ते माहीत नाही. म्हटलं आता वाक्य सुरू करेल. मी थांबले. खरंच थांबले, चांगली मिनिटभर. तर ती काही बोललीच नाही. झाकण लावलं आणि त्यावर जाऊन बसली. थोडी सरकली.

मीही बसले.

दोघींच्या वजनाने तरी आज परत उघडणार नाही. इथून बारा वाफे दिसतात. एकोणतीस दिवस राहिले.