कुठलीही लिंक चालेल

सोम., ९ मार्च
लालबागचं ऑफिस. केळी विकायच्या साइटवर शेतकरी घडाच्या फोटोची पूर्ण लिंक टाकतो, आमचा सर्व्हर तिथे जाऊन फोटो आणतो. आज सहज, फोटोऐवजी सर्व्हरच्याच आतल्या पानाचा पत्ता टाकला. गेला आणि मुकाट्याने पान घेऊन आला. सगळ्या शेतकऱ्यांची आधारकार्डं. ते पान बाहेरून दिसत नाही म्हणून पासवर्डच ठेवला नव्हता. कुठलीही लिंक घेणं आणि हे, दोन्ही माझेच उद्योग.

मंगळ., १०
सेठजींना सांगितलं. शांतपणे ऐकलं, चहा मागवला. "बेटा, माल निघतोय. अभी मत छेड. कुणाला कळलं का?" नाही म्हटलं. "मग झालं तर."
झाकली मूठ म्हणे. मूठ माझी आहे ना.

बुध., ११
न विचारता बंदोबस्त केला. ठरलेल्या चार साइटींवरचेच फोटो घ्यायचे, बाकी पत्ते परत. दुपारी शाहपुरहून काकांचा फोन. काकूला घडाशेजारी उभं करून काढलेला फोटो गायब, त्याची लिंक त्या चारांतली नव्हती. माणूस शेजारी दिसल्याशिवाय घड केवढा ते व्यापाऱ्याला कळत नाही, गाडी येत नाही. "तूच बोलली होती ना, कुठलीही लिंक चालेल?"
बोलले होते. असे बरेच फोन आले. सेठजींनी समोर बसून सगळं पूर्ववत करून घेतलं. रडूच आलं.

शुक्र., १३
जुन्या नोंदी चाळल्या. तोच आतला पत्ता, माझ्या आधी आठ दिवस, कुणीतरी टाकलेला. दोनदा. खातं काकांचं!
काकांना पत्ता म्हणजे काय तेही ठाऊक नाही. पासवर्ड कुणाला दिला विचारलं. "आख्ख्या गल्लीला. सगळे माझ्याच खात्यावरून टाकतात, वेगळं कशाला?"
चिडले. पण मी तरी वेगळं काय केलं होतं?
सांगावं तर काका अडकतात. न सांगावं तर सगळं गाव.

रवि., १५
शेतकऱ्यांसाठी मेसेज लिहिला: तुमची कार्डं कुणीतरी पाहिली असावीत, चूक माझी. खाली माझं नाव. काकांना फोनवर वाचून दाखवला. ते म्हणाले, "तुझं नाव काढ, माझं टाक. मला कोण नोकरीवरून काढणार?"
नाव काढून पाहिलं. परत टाकलं. अजून धाडलेला नाही.
पान उघडंच आहे. सेठजी दहाला येतात. मी उद्या नऊला जाणार, आधी पासवर्ड लावणार.