चार नंबरची पाटी

करमाड, मंगळवार, दिवेलागणीला

पाट्या मी बदलल्या. मीच. मामाच्या वावरात परदेशी पैशाच्या कंपनीनं मक्याचे चार नवे वाण लावलेत, अन् शेजारी तुलनेला मामाचं घरचं बियाणं. सकाळी मी चार नंबरची पाटी उपटून घरच्या मक्यात रोवली अन् घरची तिकडं. म्हटलं, आज पीक बघायला येणाऱ्या कंपनीच्या गोऱ्या साहेबाला कळतं का बघू. हसू अन् परत लावू.

नायच कळलं की! साहेबानं घरच्या मक्याचं कच्चं कणीस मोडलं अन् तिथंच कचाकचा चावलं. मान डोलावली. संगं आलेला कंपनीचा इकडचा मॅनेजर मामाला ओरडला, "पाटील, चार नंबर पास! पुढच्या साली गावभर हेच बी. साहेब इथंच पैसा घालणार."

मी सांगायला पुढं झालो, तर मामा म्हणतो, "सरक रं माकडा, फोटो काढायलेत."

खऱ्या चार नंबरची कणसं अर्धी पोचट हायेत! अन् गाव तेच पेरणार? ते कणीस त्यानं चावलं तरी कशाला? मामा तर उद्या सकाळी सगळ्या वावरात चार नंबरच लावायच्या करारावर सही करणार. पाट्यांची राखणपण त्याचीच, म्हणजे गावाचा बोलपण त्यालाच लागणार.

ताई, तू माझी वही चोरून वाचतीस, ठाऊक हाय मला. पाया पडतो तुझ्या, कुणाला सांगू नको. मामाला तर नायच. सहीच्या आधी मी सांगतो, त्याला माझ्याच तोंडून कळू दे.