दीड इंच डोंगर

३ मार्च २००३, सोमवार. कुमासी
माझ्या हातची कामं : अठरा दारं, दोन चर्चचे बाक, एक पितळी पाणसळ. आणि हे रेल्वेमार्गाच्या डोंगराळ वीस किलोमीटरचं मॉडेल! दहा फूट लांब, वावा लाकडाचं. एक इंच म्हणजे एकशे सदुसष्ट मीटर. डोंगर दोन वर्षं पायी मोजले. शाळा सहावीपर्यंत — असो.

राजधानीत, अक्रात, वेगवान रेल्वेसाठी सरकारी प्राधिकरण स्थापन करायचं चाललंय. समितीच्या सचिव श्रीमती क्वेनोर यांनी मॉडेल मागवलंय. कचेरी जन्माला येते कशी, ते बघायचंय. आधी शिक्का, की आधी खुर्ची?

१० मार्च. अक्रा
आधी कायदा! बाकी सगळं नंतर. मसुद्याला नकाशा जोडलाय. अठ्ठावीसला संसदेत मतदान.

अभियंते एसिल्फी म्हणाले, "ताशी अडीचशेला वळणाची त्रिज्या चार किलोमीटर लागते, मास्टर." दोरी लावून पाहिली. खरंच, या गाडीला वळायचंच नसतं!

पण एक खटकलं. माझ्या मावशीच्या गावापाशी त्यांच्या नकाशातली रेल्वेची रेघ देवराईच्या डोंगराशेजारून जाते. माझ्या मॉडेलवर तीच रेघ डोंगरात शिरते. फरक दीड इंच. एसिल्फी हसले — "लाकूड फुगलं असेल."

११ मार्च
लाकूड फुगलेलं नाही. तीनदा मोजलं.

१४ मार्च. मावशीच्या गावी
अम्पोमा मावशी गावची राजमाता. रेघेचं विचारलं, तर पोट धरून हसली.

"गुरुवारी जमिनीत लोखंड ठोकतात का रे? भूमातेचा वार! उपटल्या आम्ही त्या मोजणीच्या खुंट्या."

आता कळलं. एसिल्फी किनाऱ्यावरचे, फांटे जमातीचे. त्यांच्याकडे भूमातेचा वार शुक्रवार. तो पाळायचा म्हणून गुरुवारीच उरकलं बिचाऱ्यांनी!

"मग?"

"मग मोजणारे आले, खुंट्या कुठायत म्हणून ओरडायला लागले. शनिवारी दिल्या आम्हीच परत ठोकून."

"त्याच जागी?"

"देवराईत कशाला? पलीकडे, मोकळ्यावर. त्यांचेही पाय वाचले."

सरकवलेल्या खुंट्यांवरून देशाचा नकाशा!

१८ मार्च. अक्रा
सगळं सांगितलं. एसिल्फींनी डोकं धरलं — "अहो, मी तर वार पाळला होता!"

श्रीमती क्वेनोर हसल्या नाहीत. "नकाशा बदलला की मतदान लांबणार. लांबलं, की प्राधिकरण गेलंच समजा."

गेलंच? एवढं जवळ येऊन? ते व्हावं असं माझ्याइतकं कुणाला वाटत असेल!

"उद्या या, मास्टर. एकटे या."

२० मार्च. घरी
मॉडेल बसच्या टपावर बांधून आणलं. कोपरासुद्धा घासला नाही. बायको, सेरवा, विचारत राहिली — "अहो, झालं काय?" मी फुफू खात राहिलो.

२१ मार्च
सेरवाला सांगितलं, इथेही लिहून ठेवतो. एकोणीसला श्रीमती क्वेनोर यांनी देऊ केलेलं पद : प्राधिकरणाचा पहिला मॉडेलप्रमुख. अट : मतदानाआधी पटाशीने डोंगर दीड इंच मागे घ्यायचा. नाही म्हटलं. महिना चाळीस लाख सेडी.