दोन सबवूफर आणि एक उंदीर

रामघाट, वाराणसी
कार्तिक वद्य पंचमी

सौ. इंदूवन्सं यांस,

रामघाटावरून विद्युल्लतेचा नमस्कार. ग्वाल्हेरीत थंडी सुरू झाली असेल. गुडघ्यांना तेल लावता की नुसती बाटली उशाशी ठेवता? मी बरी आहे. (दोन वर्षांत तुमचं पत्र नाही की फोन नाही, त्यामुळे माझी चौकशी तुमच्या वतीनं मलाच करावी लागते आणि उत्तरही मलाच द्यावं लागतं.)

पत्राचं कारण एवढंच की मी घरात सबवूफर बसवले. एक नाही, दोन. सबवूफर म्हणजे गाण्यातला खालचा, जड आवाज काढणारा काळा डबा. पहिला यांनी कान गेल्यावर आणला होता. ऐकू येत नव्हतं, पण त्या डब्यासमोर आरामखुर्चीत बसलं की ठेका छातीत कळतो म्हणायचे. दुसरा मागवला तो जाण्याच्या महिनाभर आधी. मी ओरडले, एवढंसं घर, दोन-दोन डबे कशाला? तर म्हणाले, एका डब्यानं आवाज खोलीत कुठे साचतो, कुठे मुळीच पोचत नाही. दोन असले की सगळीकडे सारखा जातो, तुलाही ओट्यापाशी ऐकू येईल. तो खोका त्यांच्या हातून उघडला गेला नाही, आणि माझ्याच्यानं उघडवला नाही. दोन वर्षं त्यावर मी वाचनालयाची पुस्तकं ठेवत होते.

मग गेल्या महिन्यात मृणालिनीनं हैदराबादहून चौऱ्याऐंशीच्या गणपतीतली आपली कॅसेट फोनवर पाठवली. तुम्ही म्हटलेला अभंग, साथीला तुमचे दादा. फोन कानाला लावला तर तुमचा आवाज खणखणीत (तो काय, फोन नसता तरी पोचला असता), तबल्याची टिकटिक आहे, पण डग्गा नाही. म्हणजे यांचा उजवा हात आला आणि डावा आलाच नाही. मला दिवसभर काही सुचेना. वन्सं, यांचा डावा हात मला पुन्हा एकदा ऐकायचा होता. दुसऱ्या दिवशी पुस्तकं खाली ठेवली आणि विळीनं खोका फाडला.

सोबतची पुस्तिका इंग्रजीत. माझी शाळा चौथीपर्यंत, पुढचं शिक्षण किराण्याच्या पुड्यांवर. पण शब्दकोश घेऊन तीनदा वाचली. जिथे कळलं नाही तिथे मृणालिनी फोनवर होतीच. ती म्हणाली, “आई, डबा बाबांच्या खुर्चीवर ठेव, चालू कर आणि तू भिंतीकडेनं रांगत जा. जिथे आवाज भरून येईल, तीच डब्याची जागा.” मला वाटलं थट्टा करते आहे. पण पुस्तिकेतही तेच! तेव्हा एकाहत्तराव्या वर्षी पदर खोचून रांगायला लागले. नेमके त्याच वेळी शेजारचे ढुंढिराजशास्त्री प्रसाद घेऊन आले. दार उघडं, यांच्या खुर्चीवर लुकलुकणारा काळा डबा आणि समोर मी जमिनीवर. बिचाऱ्यांनी चपला काढल्या, डब्याला हात जोडले आणि हळूच विचारलं, “काकू, हे कुठलं व्रत हो? आमच्या पोथीत नाही.”

समजावून सांगितल्यावर तेही धोतर आवरून रांगायला लागले. वेद शिकवणारा कान तो. खिडकीपाशी थांबून म्हणाले, “इथे ठेवा. एकदम बढिया खर्ज आहे.” (डबा दक्षिणेकडे तोंड करून नको, हेही बजावलं.) मग दिवाणापाशी गेले आणि कान टवकारून बसले. “काकू, खाली काहीतरी हुंकार देतंय. ठेक्यात.” मी म्हटलं, उंदीर असेल. “उंदीर, आणि लयीत?” म्हटलं, काशीतला आहे, चुकेल कसा?

खरी फजिती दुसरा डबा लावल्यावर झाली. एकटा-एकटा लावला की दोघेही उत्तम, आणि दोन्ही एकदम लावले की यांच्या खुर्चीत डग्गा गायब! तीन दिवस जागा बदलल्या. एकदा वायर माकडानं पळवली, ती शास्त्रीबुवांनी केळं देऊन सोडवली. शेवटी पुस्तिकेच्या अकराव्या पानावर सापडलं. एक डबा हवा पुढे ढकलत असताना दुसरा मागे ओढत असला, की मधे बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही. मी चष्मा काढून ठेवला. तुम्ही माहेरी आलात की जेवताना डावीकडे तुम्ही, उजवीकडे मी, आणि मधे हे वरणभात कालवत गप्प बसलेले, अशी चाळीस वर्षं डोळ्यांपुढून गेली.

डब्याच्या पाठीमागे त्यासाठी एक छोटा खटका असतो. तो फिरवला आणि खुर्चीत बसले. तुमची तान संपली, आणि समेवर यांचा डावा हात पडला. थेट छातीत. मग उठून ओट्यापाशी गेले. तिथेही आला. बरोबर सांगत होते. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं.

तेराव्याला तुम्ही डग्गा मागितलात. तबला तुम्ही पिशवीत घातलाच होता. मी म्हटलं, डग्गा एका भजनी माणसाला दान केला. त्यावर तुम्ही “जोडी तोडलीस, वहिनी” म्हणून गोडाच्या जेवणाला न थांबता संध्याकाळची बुंदेलखंड एक्सप्रेस धरलीत. झालं ते झालं. मला त्यावर काही लिहायचं नाही. सबवूफर बसवले, एवढंच कळवायचं होतं.

तुमची वहिनी,
विद्युल्लता

ता. क. या थंडीत आलात तर तिकडची तिळाची गजक आणा. आणि कॅसेट खुर्चीत बसून ऐका. तुम्ही बऱ्या गाता.

ता. क. गजक राहिली तरी चालेल. तबला आणा.

ता. क. दिवाणाखाली उंदीर नाही. यांच्या मफलरमध्ये गुंडाळलेला डग्गा आहे. मी कुणाला दिला नव्हता. तुम्ही नेला असतात तर घरात काय उरलं असतं? सबवूफर लागले की तो आपोआप घुमतो, आणि मी दिवसातून दोनदा लावते. तुम्हाला देईनच असं नाही. पण जोडी चार दिवस एका ठिकाणी राहू दे.

ता. क. मी गंगेवर असताना तुम्ही पोचलात तर किल्ली शास्त्रीबुवांकडे आहे. डग्गा काढायला दिवाणाखाली एकदम हात घालू नका. त्यांनी तिथे पिंजरा लावला आहे, आणि तो काढायला काय कारण सांगावं ते मला अजून सुचलेलं नाही.